लाभ

मार्केट यार्डात गुळाचे रवे मोजताना
आमचे आबा 'एक' म्हणत नसत.
पहिला रवा काट्यावर चढला की म्हणायचे, लाभ.
मग दोन, मग तीन,
मग श्वास पुरेल तिथवर.
श्वास संपला की दिवाणजी ओळ बदलायचा.

मी सागरमाळावर, संख्याशास्त्राच्या लॅबमध्ये
खिडकीपासल्या तिसऱ्या मशीनवर
तसल्याच दोनशे चाळीस रव्यांची वजनं घेऊन बसलेली.
कुंभोजकर सर म्हणाले होते, आरमध्ये कर,
फुकट आहे आणि चुकलीस की लगेच बोंबलतं.
फॉरचं वेटोळं लिहिलं, आत प्रिंट ठेवलं,
एंटर दाबलं
आणि पडदा उतारावरच्या ट्रॉलीसारखा खाली पळत सुटला:

[1] 30.1
[1] 29.8
[1] 30
[1] 29.9

प्रत्येक ओळीच्या कपाळाला चौकटीतला एक.
दोनशे चाळीस रवे, दोनशे चाळीस वेळा
लाभ, लाभ, लाभ.
असा तोलार यार्डात उभा राहिला असता
तर चहाच्या आत अडत्यानं त्याला
वेशीबाहेर काढला असता.

त्याचाही दोष नाही म्हणा.
प्रिंटला दर फेरीला वाटतं, दुकान आत्ताच उघडलंय.
मागचा रवा कुठं गेला ठाऊक नाही,
पुढचा येतोय याचा पत्ता नाही.
एक आकडा मांडायचा, हात झटकायचे, उठायचं.

मग कॅट.
मांजराशी काही नातं नाही, सर म्हणाले,
जोडण्याला इंग्रजीत लांबलचक शब्द आहे
त्याच्या पोटातून काढलाय.
पहिल्यांदा मी मधली जागा द्यायचीच विसरले:

30.129.83029.9

उन्हात राहिलेल्या ढेपांसारखे
आकडे एकमेकांत विरघळले.
अवतरणात नुसती एक मोकळी जागा टाकली
तेव्हा कुठं ते आपापल्या पायावर उभे राहिले,
सरकत, एकाला एक लागून,
शेवटी मात्र कर्सर त्यांच्याच शेपटीला चिकटून बसला.
कॅट ओळ मोडत नाही.
मोडायची तर वेटोळ्याबाहेर येऊन
तिरकी रेघ आणि तिला टेकलेला एन
आपणच द्यायचा.

छापलेला कागद घेऊन रात्री वडणग्याला घरी आले.
आबांच्या डोळ्याला अजून हिरवी पट्टी होती.
म्हणाले, वाच की.
मी वाचत गेले. ते पायाच्या अंगठ्यानं
खाटेच्या नवारीवर ठेका धरून.
तीस, एकोणतीस नऊ, तीस दोन, तीस,
तेवीस, एकोण...
'थांब.'
अंगठा थांबला होता.
'तेवीस न्हवं त्ये. बत्तीस आसंल.
लिवणाऱ्याचा हात उलटा पडलाय.
त्या साच्यात तेविसाचा रवा बसतुय व्हय?'

कालपासून तो आकडा माझ्यासमोर होता.
खाली पळणाऱ्या पडद्यात
त्याच्याही कपाळाला चौकटीतला एक होता,
बाकीच्यांसारखाच धुतलेला चेहरा.
ओळीत आला तेव्हा दात पडल्यासारखा दिसला.
दिसला म्हणजे, त्यांना. ऐकून.

मूळ वहीत पाहिलं. बत्तीसच.

'आता पयल्यापासनं म्हन,' आबा म्हणाले,
'आन् पयल्याला एक म्हनू नगंस.'

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या
फॉरच्या आधी, वेटोळ्याच्या बाहेर,
आणखी एक कॅट लिहिलं. आत एकच शब्द, देवनागरीत.
मशीननं दोनदा चौकोन छापले, तिसऱ्यांदा नीट उमटलं:

लाभ 30.1 29.8 30 29.9

सरांनी चष्मा वर करून विचारलं,
हे सुरुवातीला काय आहे?
मी म्हटलं, हेडर.